घाट उतरून दर्याकडे

(एका शिक्षकाने आपल्या पत्नीबरोबर सोलापूरहून निघून, सह्याद्रीचा घाट उतरून, रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यापर्यंत मोटारीने प्रवास केला. प्रवासाचे कारण घरगुती होते. वाटेत जे दिसले आणि जे कळले, ते लेखकाने या पाठात सांगितले आहे.)

माझा जन्म सोलापूरचा. आमच्याकडे वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एखाद्या वर्षी तर ढग नुसते तोंड दाखवून जातात. आमची नदी म्हणजे भीमा, पाणी म्हणजे उजनी धरणाचे, आणि समुद्र म्हणजे भूगोलाच्या नकाशातला निळा रंग. वयाची पस्तिशी आली तरी मी समुद्र पाहिला नव्हता. हे वर्गात सांगायला मला लाज वाटत असे, म्हणून मी ते कधी सांगितले नाही.

माझी पत्नी मात्र कोकणातली. श्रीवर्धनजवळच्या एका लहान गावात तिचे आजोळ आहे. नानांच्या नारळी-पोफळीच्या वाडीत तिचे बालपण गेले. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. आमच्या घरी कुणी पानात सुपारी टाकली, की ती आधी वास घेते आणि सांगते, "ही आपल्याकडची नाही."

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात तिच्या मामूंचा फोन आला. ते म्हणाले, "बेटी, वाडी विकायचे ठरवतो आहे. गिऱ्हाईक आले आहे. त्यांना इथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या आहेत. तुझ्या आईचा हिस्सा आहे, तेव्हा तुझी सही लागेल. दिवाळीच्या सुट्टीत दोघे येऊन जा."

शरीअतप्रमाणे बापाच्या मालमत्तेत मुलीचाही हिस्सा असतो. नानांच्या वाडीत माझ्या सासूबाईंचा हिस्सा होता. सासू-सासरे दोघेही आता नाहीत. त्यामुळे तो हिस्सा माझ्या पत्नीकडे आणि तिच्या भावाकडे आला होता. भाऊ दुबईला असतो. त्याने बहिणीच्या नावे मुखत्यारपत्र पाठवून दिले. म्हणजे सारे तिच्या एका सहीवर आले. आम्ही सोलापुरात भाड्याच्या घरात राहतो. खरे सांगायचे तर फोन ठेवल्याबरोबर मी मनातल्या मनात हिशेब करू लागलो. पत्नी काही बोलली नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मोटार घेतली होती. तिचे टायर, ब्रेक आणि तेलपाणी पाहून घेतले आणि सुट्टी लागताच निघालो. पहिला दिवस पुण्यापर्यंतचा. तो रस्ता मला पाठ आहे. भिगवणजवळ उजनीचे पसरलेले पाणी दिसले आणि पत्नी म्हणाली, "हा तुमचा समुद्र!" रात्री धाकट्या भावाकडे मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज पढून आम्ही पुणे सोडले. पिरंगुट, पौड मागे पडले आणि थोड्या वेळाने रस्त्याच्या कडेला मुळशीचा जलाशय दिसू लागला. पाणी अगदी शांत होते. डोंगरांची छाया त्यात पडली होती. एका टपरीवर चहा घेताना मी पत्नीला या पाण्याची गोष्ट सांगितली. हे धरण बांधायला घेतले तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी वाचवण्यासाठी १९२१ मध्ये सत्याग्रह केला होता. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. सत्याग्रह यशस्वी झाला नाही. गावे आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली.

दुसरी गोष्ट तर आम्हा सोलापूरकरांच्या जिव्हाळ्याची आहे. मुळशीचे धरण मुळा नदीवर आहे. मुळा पुढे मुठेला मिळते, त्यांचे पाणी भीमेला मिळते, भीमा उजनीवरून आमच्याकडे येते, आणि शेवटी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जाते. पण मुळशीला अडवलेले पाणी पूर्वेकडे न सोडता बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेकडे, सुमारे ५०० मीटर खाली भिरा येथे सोडतात. इतक्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर तिथे वीज तयार होते. मग ते पाणी कुंडलिका नदीतून अरबी समुद्राला जाते. म्हणजे जे पाणी आमच्या दारावरून गेले असते, ते घाटाच्या कडेवर पाठ फिरवून कोकणात उतरते. पत्नी हसून म्हणाली, "पाण्यालासुद्धा माहेरची ओढ असते."

पुढे ताम्हिणी घाट लागला. मुलांनो, उर्दूत 'घाट' म्हटले की आपल्याला नदीकाठच्या पायऱ्या आठवतात. मराठीत त्या पायऱ्यांनाही घाट म्हणतात, आणि डोंगरातून चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाटेलाही घाटच म्हणतात. महाराष्ट्राचे पठार जिथे संपते, तिथे सह्याद्रीचा कडा एकदम खाली कोसळतो. खाली कोकणची अरुंद पट्टी आणि तिच्यापलीकडे समुद्र. पठारावरून किनाऱ्याला जायचे तर कुठला ना कुठला घाट उतरावाच लागतो. पावसाळ्यात समुद्रावरून येणारे ढग याच कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. म्हणून ताम्हिणीला धो धो पाऊस पडतो आणि सोलापूरपर्यंत थोडेसेच उरते. आम्ही गेलो तेव्हा पावसाळा संपला होता. गवत पिवळे पडू लागले होते, पण कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा अजून येत होत्या. सकाळचे धुके इतके होते की समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत.

उतारावर मी एक चूक केली. सोलापूरच्या सपाट रस्त्यांवर गाडी चालवणारा माणूस मी. भीतीने पाय ब्रेकवर ठेवला तो उचललाच नाही. चार-पाच वळणे उतरलो असेन, तोच जळका वास येऊ लागला. ब्रेक दाबला तर तो नेहमीपेक्षा खोल गेला. माझ्या अंगाला घाम सुटला. सुदैवाने पुढे रस्ता रुंद होता. गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन मी कशीबशी थांबवली. मागून येणाऱ्या एस.टी.च्या चालकाने गाडी थांबवून विचारले, "काय भाऊ, ब्रेक तापले ना?" मी मान हलवली. "अर्धा तास थांबा. पाणी-बिणी ओतू नका. आणि मग ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक लागेल तेव्हाच दाबा आणि सोडा."

त्याचे म्हणणे विज्ञानाला धरून होते. ब्रेक म्हणजे घर्षण, आणि घर्षणाने उष्णता निर्माण होते. ब्रेक सतत दाबून धरला तर ही उष्णता बाहेर पडायला सवड मिळत नाही. ब्रेकची पकड कमी होते, आणि फार तापले तर नळीतल्या तेलाला उकळी फुटून ब्रेक लागेनासा होतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली तर इंजिनच चाकांना आवरून धरते. पेट्रोल वाचवण्यासाठी काही जण उतारावर गिअर काढून गाडी सोडून देतात. ते तर मरणाला बोलावणेच आहे. घाटाचा आणखी एक नियम असा, की अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नियम सर्वांना ठाऊक असतो, पण पाळणारे थोडे.

तो अर्धा तास आम्ही कठड्याजवळ बसलो. धुके विरळ झाले आणि खाली कोकण दिसू लागले. पत्नी म्हणाली, "तुम्हाला काय वाटते, मी सही करावी?" मी म्हणालो, "मामूंनी विचार केल्याशिवाय का ठरवले असेल?" हे उत्तर नव्हते, आणि ते तिलाही कळले.

घाट उतरल्यावर हवा बदलली. गरम, दमट वारा सुरू झाला. निजामपूर, माणगाव मागे टाकून आम्ही म्हसळ्याच्या रस्त्याला लागलो. काळी माती कुठल्या कुठे गेली. जिकडे तिकडे लाल माती आणि लाल जांभा दगड. जांभ्याच्या भिंती, उतरती कौलारू छपरे, परसात केळी आणि फणस. म्हसळ्याला पत्नीने काच खाली केली आणि रस्त्याकडेच्या बाईशी ती तिच्या कोकणी बोलीत बोलू लागली. नऊ वर्षांच्या संसारात मी तिला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना ऐकले नव्हते.

मामूंचे वय अडुसष्ट. उंच, सडपातळ. तरुणपणी ते जहाजावर खलाशी होते. मी त्यांना वाकून सलाम केला आणि म्हणालो, "आपली प्रकृती कशी आहे?" ते हसले. "जावईबुवा, तुम्ही अगदी छापील बोलता." कोकणातले आमचे मुसलमान बांधव घरातही मराठीला जवळ अशी कोकणी बोलतात. मी मराठी शिकवतो, पण पुस्तकातून शिकलेली. मामी एक शब्द मराठी शाळेत शिकल्या नाहीत, आणि त्यांच्या तोंडची भाषा पाण्यासारखी वाहते. दुपारी त्यांनी तांदळाची भाकरी, कोलंबीचे कालवण आणि सोलकढी वाढली. शेवटी सांदण आले. मी किती खाल्ले ते इथे लिहीत नाही.

जेवण झाल्यावर मामू आम्हाला वाडीत घेऊन गेले. पत्नी पुढे चालत होती. कुंपणाच्या आत पाऊल टाकताच ती थांबली. तिच्या आठवणीतली वाडी म्हणजे भर दुपारी अंधार असलेली जागा. पोफळींचे शंभर-दीडशे बारीक, सरळ खांब, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, आणि त्यांच्याही वर नारळांची छत्री. आता तिथे लख्ख ऊन होते. आठ-दहा जुनी झाडे तेवढी उभी होती.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, या साऱ्या किनाऱ्यावरच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. तेव्हा कोरोनाची टाळेबंदी होती. आम्ही सोलापुरात बसून फोन लावत होतो आणि फोन लागत नव्हता. मामू सांगू लागले, "आम्ही दोघे आतल्या खोलीत बसलो होतो. आधी कौले उडाली. मग वाडीतून आवाज येऊ लागला, कडाड, कडाड. एकेक झाड मोडत होते. तिसऱ्या प्रहरी वारा पडला. दार उघडले तर समुद्र दिसला. या दारातून मी जन्मात कधी समुद्र पाहिला नव्हता. मध्ये झाडे होती ना!"

मी विचारले, "मोडलेल्या झाडांना पुन्हा पालवी नाही फुटली?"

मामूंनी एका जुन्या बुंध्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "आंबा मोडला तर खोडातून फुटतो. नारळ-पोफळीचे तसे नाही. त्यांना फांद्या नसतात. वाढणारा कोंब एकच, तो शेंड्यात. शेंडा गेला की झाड गेले."

भूगोलात मी चक्रीवादळ किती वेळा शिकवले आहे. कमी दाबाचा पट्टा, वाऱ्याची दिशा, डोळा. पण शेंडा गेला की झाड गेले, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

मग मामूंनी नवी रोपे दाखवली. वादळानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी सुपारीची रोपे लावली होती. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही, म्हणून मध्ये मध्ये केळी लावून सावली केली होती. चार वर्षांत बरीचशी रोपे माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. सुपारी धरायला पाच ते सात वर्षे लागतात, नारळाला त्याहून थोडी जास्त. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. बाजारात तिला मान आहे. पण तोपर्यंत खत, पाणी, राखण, सारा खर्चच. सरकारी मदत मिळाली, ती मोडलेली झाडे तोडून उचलण्यातच संपली. मामूंचे दोन्ही मुलगे कुवेतला आहेत. झाडावर चढून सुपारी उतरवणारा माणूस आता मिळत नाही. "मी लावली," मामू म्हणाले, "पण उतरवणार कोण?"

रात्री ओटीवर बसून मी पत्नीला हिशेब सांगितला. आपल्या वाट्याला किती येतील, त्यात सोलापुरात घर घेता येईल, मामूंचेही म्हातारपण सुखात जाईल. ती म्हणाली, "तुमचा हिशेब बरोबर आहे." नंतर बराच वेळ लाटांचा आवाज ऐकत बसली.

सकाळी मी कागद बाहेर काढले, तर मामू म्हणाले, "कागद कुठे पळून जातात? आधी जंजिरा पाहून या."

श्रीवर्धनहून दिवेआगरकडे जाणारा रस्ता कितीतरी अंतर समुद्राला चिकटून जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काळे खडक आणि त्यांवर फुटणाऱ्या लाटा. मी तीन वेळा गाडी थांबवली. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे जन्मगाव. ते १७१३ मध्ये पेशवे झाले. दिवेआगरला १९९७ मध्ये एका वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला होता. मामींनी निघताना सांगितले होते, "आम्ही खणतो तिथे नुसती गांडुळे निघतात." दिघीला आम्ही मोटार मोठ्या फेरीबोटीत चढवली आणि खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलो. मोटारीत बसून पाण्यावरून जाण्याची गंमत मला लहान मुलासारखी वाटली.

राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्याकडे जातात. 'जंजिरा' हा शब्द ऐकताच तुम्हाला ओळखीचे वाटेल. अरबीतला 'जज़ीरा', म्हणजे बेट, मराठीत येऊन 'जंजिरा' झाला. इथले सत्ताधीश सिद्दी. ते मूळचे आफ्रिकेतले, हबशी. म्हणून या मुलखाला 'हबसाण' म्हणत. शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेण्याचे अनेक प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती. तरी किल्ला हाती आला नाही. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. नुसती भिंत दिसते. आत तोफा आहेत, पडके वाडे आहेत. पण मला सर्वांत नवल वाटले ते तलावांचे. चहूकडे खारा समुद्र आणि मध्ये गोड्या पाण्याचे तलाव! पावसाचे पाणी साठवण्याची सोय केली म्हणूनच वेढा पडला तरी आतली माणसे तग धरू शकली.

होडीवाल्याने विचारले, "दर्या पहिल्यांदाच पाहता काय?" मी क्षणभर गोंधळलो. उर्दूत 'दरया' म्हणजे नदी. शब्द तोच, फारसीतून आलेला; पण मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. तसेच 'बंदर'. उर्दूत हा शब्द माकडासाठीही आहे. मराठीत मात्र बंदर म्हणजे फक्त जहाजे लागण्याची जागा. एका विद्यार्थ्याने निबंधात 'बंदर झाडावर बसले होते' असे लिहिले होते आणि मी त्याचा एक गुण कापला होता. तेव्हा त्याला कारण नीट सांगितले नव्हते, ते आज सांगतो.

परतीच्या फेरीबोटीत पत्नी कठड्याला टेकून उभी होती. ती एकदम म्हणाली, "मी मामूंना सांगणार आहे, पोफळीला पहिला घड येऊ दे. मग विकायचे की नाही ते ठरवू. तोवर मजुरीचा निम्मा खर्च आपण देऊ."

"गिऱ्हाईक तोवर थांबेल?"

"नाही थांबणार."

तिने मला विचारले नव्हते. मला राग आला, हे मी लपवत नाही. घरी पोचल्यावर तिने मामूंना तेच सांगितले. मामू काही बोलले नाहीत. त्यांनी कागद उचलले, घडी केली आणि तिच्या हातात दिले. मामी आत जाऊन चहा टाकू लागल्या. थोड्या वेळाने मामू वाडीत गेले आणि पंप सुरू झाल्याचा आवाज आला.

परतताना घाट चढायचा होता, ब्रेकची चिंता नव्हती. मुळशीच्या तलावापर्यंत आम्ही फारसे बोललो नाही. त्याच टपरीवर गाडी थांबवली. दोन चहा सांगितले. मी विचारले, "घड यायला अजून किती वर्षे म्हणालीस?"

"दोन. फार तर तीन."

कागद आमच्या कपाटात आहेत, सही न केलेले. दर महिन्याला मी मजुरीचे पैसे पाठवतो. मामूंचा फोन आला की पत्नी आधी रोपांची चौकशी करते आणि मग मामींची.

शब्दार्थ
वाडी – नारळ, सुपारी वगैरेंची बाग. मुखत्यारपत्र – आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार. जलाशय – मोठा पाणीसाठा. खाचर – बांध घातलेले भाताचे शेत. कठडा – कडेची बुटकी भिंत. जांभा – कोकणातील लाल दगड. ओटी – घराची पुढची बैठकीची जागा. कोंब – वाढणारा कोवळा भाग. शीड – वारा धरण्यासाठी होडीला लावलेले कापड. तग धरणे – टिकून राहणे.

स्वाध्याय
१. मुळशीच्या धरणातील पाणी अरबी समुद्राला कसे जाते?
२. मोडलेला आंबा पुन्हा फुटतो, पण मोडलेली पोफळ फुटत नाही. असे का?
३. घाट उतरताना लेखकाची कोणती चूक झाली? त्याला काय सल्ला मिळाला?
४. पत्नीने सही न करण्याचे ठरवले. तुम्ही तिच्या जागी असता तर काय केले असते? आठ ते दहा ओळी लिहा.
५. 'दर्या', 'बंदर', 'घाट' यांसारखे उर्दूत व मराठीत वेगळ्या अर्थाने येणारे आणखी तीन शब्द घरी विचारून लिहा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.